फायबर जोडणीचा पूर्ण वेग घरात कसा मिळवावा?

(चाकण परिसरातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कृषिविद्या शिकवणारा माणूस आज इंटरनेटवर बोलायला उभा राहिला, याचे आपणास नवल वाटले असेल. परंतु ७/१२ उतारा, पीक विम्याचा अर्ज, हवामानाचा अंदाज, चाकण बाजारातील कांदा-बटाट्याचे भाव ही कामे आता घरबसल्या होतात. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी अशा गावांत अनेकांनी कारखान्यातील कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरू पाण्याबरोबर वायफायचीही चौकशी करतो. म्हणून घरोघर फायबर आले. पण तक्रार एकच ऐकू येते: "पैसे शंभरचे भरतो, मागच्या खोलीत दहासुद्धा मिळत नाहीत."

ठिबक संचाच्या शेवटच्या तोटीला पाणी कमी पडले, तर आपण लगेच मोठी मोटर बसवत नाही. आधी दाब पाहतो, फिल्टर साफ करतो, मग नळ्या तपासतो. येथेही तेच करावे. मोठा प्लॅन घेण्यापूर्वी वेग कोठे गळतो ते शोधावे.

प्रथम मोजमाप

प्लॅनचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट, असा सांगतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. यात फसवणूक नाही, मापातला फरक आहे.

वेग तीन ठिकाणी मोजावा:

१) राउटरला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर.
२) राउटरपासून पाच-सहा फुटांवर, मोबाइलवर.
३) जेथे वेग मिळत नाही त्या खोलीत.

मोजताना घरातील इतर मोबाइल व टीव्ही बंद ठेवावेत. सकाळी, दुपारी व रात्री नऊच्या सुमारास असे तीन वेळा मोजून आकडे वहीत लिहावेत. एका फायबरचा प्रकाश साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत विभागलेला असतो, म्हणून रात्रीचे मोजमाप महत्त्वाचे.

वायरवरही वेग कमी असल्यास

दोष बहुधा बाहेरचा किंवा प्लॅनचा असतो. ठरलेला वापर संपल्यावर वेग कमी होतो काय, हे आधी प्लॅनच्या अटींत पाहावे. जुन्या राउटरचे वायरचे तोंड १०० एमबीपीएसचेच असते. अशा राउटरवर २०० चा प्लॅन घेतला तरी वायरवर सुमारे ९४ च दिसतात. केबलमधील आठपैकी एखादी तार तुटली तरी असेच होते.

संचावर लाल दिवा लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. फायबर ही काचेची तार आहे. ती खिळ्यावर काटकोनात वाकवली, दारात चेमटली, उंदराने कुरतडली किंवा जोडाच्या टोकाला धूळ बसली की प्रकाश कमी होतो. उरलेली तार मोठे वेटोळे करून ठेवावी. लाइनमनला मीटरवर प्रकाश मोजायला सांगावे. आकडा उणे २० च्या आसपास असल्यास चांगला. उणे २७ म्हणजे अगदी काठावर. दर ३ अंकांनी प्रकाश निम्मा होतो. काठावरची जोडणी वारंवार तुटते. फायबरच्या उघड्या टोकात कधीही डोळा लावू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

वायरवर पूर्ण, पण खोलीत कमी

बहुतेक घरांत गळती येथेच असते. राउटर घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. माळ्यावर, लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो, पण शेजारच्या राउटरांची त्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण दगडी भिंत व स्लॅब त्याला अडवतात. जवळ ५, दूर २.४ वापरावा.

लांबच्या खोलीसाठी किंवा वरच्या मजल्यासाठी चांगल्या तांब्याची नेटवर्क केबल ओढून तेथे दुसरा वायफाय संच बसवावा. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. बिनवायरचा साधा रिपीटर सोपा दिसतो, पण तो वेग जवळपास निम्मा करतो. गोठा किंवा पॅकहाऊस घरापासून दूर असेल, तर उघड्यावरून फायबरच न्यावी. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात विजेचा धोका कमी राहतो.

भाड्याच्या खोल्या, वीज आणि खोदाई

दहा खोल्यांना एकच जोडणी दिली, तर रात्री सर्वांचीच ओढाताण होते. जोडणी मालकाच्या नावावर असल्याने गैरवापराची चौकशीही प्रथम त्याच्या दारी येते. म्हणून भाडेकरूंनी आपापल्या नावावर जोडणी घ्यावी, हे उत्तम.

फायबरला वीज लागत नाही, पण संचाला लागते. संच व राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा.

जेसीबीने पाइपलाइनचा चर काढण्यापूर्वी केबल कोठून गेली आहे याची चौकशी करावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. एका बकेटने सारा गाव बंद पडतो.

शेवटी गरज पाहा

बाजारभाव व उताऱ्याला थोडा वेग पुरतो. स्पष्ट चित्राच्या एका व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात. चार-पाच माणसांच्या घराला १०० एमबीपीएस शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचले तर भरपूर झाले. तेवढे पोहोचत नसताना ३०० चा प्लॅन घेणे म्हणजे फुटक्या पाटात जास्त पाणी सोडणे.

दोष बाहेरचा ठरला, तर वहीतील आकड्यांसह कंपनीकडे तक्रार नोंदवावी व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेले आकडे बोलके असतात.

आज घरी गेल्यावर तीन ठिकाणचे मोजमाप अवश्य करावे.