सैल सांध्यांचे दुखणे



वर्षभरातील कामाचे आकडे अहवालात आपल्यासमोर आहेतच. ज्यांच्यासाठी त्यात वेगळा रकाना नाही, अशा रुग्णांविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाणारी एक तरुणी बाह्यरुग्ण विभागात आली. खांदा वारंवार निसटतो, गुडघे ठणकतात, उभे राहिले की भोवळ येते, अशी तिची तक्रार होती. क्ष-किरण तपासणी निर्दोष, रक्ताचा अहवालही निर्दोष. ‘काही झालेले नाही’ असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. आमच्या त्या एका वाक्याने ती घरच्यांपुढे आणि मुकादमापुढे कामचुकार ठरली. चूक आमची होती.

सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. त्यांची वीण जन्मतः सैल असली की सांधा मर्यादेपलीकडे वाकतो. पुष्कळांना याचा काहीच त्रास होत नाही. मल्लखांबाच्या आखाड्यात तर अशा मुलांचे कौतुकच होते. तेव्हा लवचिक मूल पाहून पालकांनी धास्तावू नये. मात्र वेदना, सांधे निखळणे, न ओसरणारा थकवा हे जोडीला आले की त्याकडे विकार म्हणून पाहावे लागते. हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हे त्याचे एक रूप. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे निकष ठरले. पण निदान पक्के करणारी रक्तचाचणी अद्याप नाही. रुग्णाचे ऐकून आणि सांधे हाताळूनच ते करावे लागते. करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते का, अंगठा हाताच्या आतील बाजूस टेकतो का, कोपर व गुडघा उलटे झुकतात का, गुडघे न वाकविता तळवे जमिनीस टेकतात का, ही बायटन यांची ९ गुणांची तपासणी काही मिनिटांत होते. तिला यंत्र लागत नाही. त्या दिवशी आम्ही ती केली नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्यात या दुखण्याला वेगळीच धार आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि उचल त्या जोडीवर. एकाचा खाडा दोघांना भोवतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना सैल गुडघा मागे गेला, तर सावरायला जागा नसते. अशा स्त्रीला ‘विश्रांती घ्या’ हे सांगणे आम्हांस सोपे, तिला ते परवडणारे नाही. शिवाय नुसती विश्रांती उपायही नव्हे. स्नायू दुबळे झाले की सैल सांध्याचा उरलासुरला आधारही जातो.

औषधाने ही वीण घट्ट होत नाही. हळूहळू वाढविलेला स्नायूंचा व्यायाम आणि सांधा टोकापर्यंत न ताणण्याची सवय, एवढेच हाती आहे. योगासने जरूर करावीत, परंतु शरीर वाकते म्हणून अधिक वाकवू नये.

ती तरुणी पुढे पुन्हा आली. आता ती खाली मोळ्या बांधते, गाडीत चढविण्याचे काम नवरा करतो. दुखणे आहेच, पण तिला घरात आळशी म्हणणे थांबले आहे.

देणगीदारांस एक विनंती. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या वेतनावर ते कोरता येत नाही. तरीही या वर्षी आम्ही वेतनासाठीच हात पसरत आहोत. गाड्या दिवाळीच्या सुमारास निघतात. हे शिक्षण दसऱ्यापूर्वी व्हावयास हवे.