संकेतस्थळाची राखण
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



वर्गणीच्या नोंदी, स्पर्धांची नावे आणि जुन्या स्मरणिकांची पाने आता आपल्या संकेतस्थळावर आहेत. ती राखायचे काम आम्हां चौघांकडे आहे. ते आम्ही कसे करतो, एवढेच आज सांगतो.

जगभरच्या प्रोग्रामरांचे काम साठवणारी गिटलॅब नावाची कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. बॅकअप शोधला, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुनी होती, डेटाबेसची नवी. अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हे न लपवता सविस्तर प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला शिकता येते.

त्यावरून आम्ही काही नेम पाळतो. परत उतरवून पाहिल्याखेरीज बॅकअपला बॅकअप म्हणायचे नाही. कोणताही बदल आधी चाचणीच्या प्रतीवर करायचा, आणि बिघडले तर मागे कसे फिरायचे ते आधीच लिहून ठेवायचे. उत्सवाच्या दहा दिवसांत नवा बदल नाही. खऱ्या सर्व्हरच्या खिडकीचा रंग वेगळा ठेवायचा. काही पुसायचे तर दोघे हजर हवेत. सुरक्षेचे अपडेट लांबणीवर टाकायचे नाहीत. पासवर्ड ज्याचा त्याला, व्हॉट्सॲपवर कधीच नाही; काम सोडले की त्याच दिवशी प्रवेश बंद.

वर्गणीच्या नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा करता येतील. पण काही जुन्या स्मरणिकांची कागदी प्रत आता कुणाकडेच नाही. आपल्या आजी-आजोबांनी लिहिलेले त्यात आहे.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी एका वडीलधाऱ्यांनी दर महिन्याला आमच्याशेजारी बसावे, मनाला येईल तो अंक मागावा, आणि आम्ही तो बॅकअपमधून उघडून दाखवावा. संगणक यायलाच हवा असे नाही. अंक ओळखता आला की पुरे.

गणपती बाप्पा मोरया!