कमरेची कळ आणि अंथरूण



कमरेतून निघून मांडी-पोटरीत उतरणारी कळ म्हणजे सायाटिका, आयुर्वेदातील गृध्रसी. मला ती झाली तेव्हा घरच्यांनी 3 आठवडे अंथरुणावरून उठू दिले नाही. (सेवा झाली खरी, पाय मात्र आखडला!) आता डॉक्टरही सांगतात, झेपेल तितके हिंडावे-फिरावे. चटईवर उताणे निजा, दुखऱ्या बाजूचा गुडघा दोन्ही हातांनी हळूच छातीकडे घ्या, 20 अंक मोजा, सोडा. असे तीनदा. श्वास कोंडू नका. कळ पायाकडे अधिक उतरू लागली तर तिथेच थांबा. पण जांघेत बधिरता आली, लघवी अडली वा पाय लुळा पडू लागला, तर व्यायाम नको; त्याच घटकेला इस्पितळ गाठा. लघवीचे सांगायला आपण बायका लाजतो, तेवढे मात्र करू नका.