साध्या कल्पनेतून मोठा उद्योग

(पुणे येथे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मोठा कारखाना पाहिला म्हणजे त्याच्या मुळाशी मोठे भांडवल व अलौकिक बुद्धी असली पाहिजे, असे आपण सहज धरून चालतो. आपल्या पुण्यातच पाहा. खडकीचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा उद्योग १९४६ सालचा. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ सालची. तयार होणाऱ्या मात्रांच्या संख्येने ती आज जगातील सर्वांत मोठी लस-उत्पादक संस्था म्हणून ओळखली जाते. या दोन्ही उद्योगांचे मूळ शोधीत गेल्यास काय सापडते? एका ठिकाणी शेतकऱ्याचा नांगर, तर दुसऱ्या ठिकाणी शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा!

प्रथम नांगराची हकिकत सांगतो. त्यासाठी पुणे सोडून बेळगावला जावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. परंतु काही रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नसल्याने ती वाट बंद झाली. ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. येथे जमलेल्या शिक्षक बंधूंनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एका विषयात मागे पडलेला विद्यार्थी दुसऱ्या विषयात किती पुढे जाईल, याचा अंदाज गुणपत्रिकेवरून करता येत नाही.

सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावी त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा त्या विकीत. या दुकानाचा प्रारंभ १८८८ सालचा मानला जातो. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी आले व कडबा कापण्याचे यंत्र करू लागले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो जमिनीत खोल जाई. तरीही लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीना. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत कारखान्याचे दार बंद झाले असते, तर आज आपण त्यांचे नावही घेतले नसते.

संकट तेवढ्यावर थांबले नाही. बेळगाव नगरपालिकेला वस्तीच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांना गादीवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा माळ व कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगराने जमीन खोल नांगरली, पण तिला पाणी कोठून द्यावयाचे? या प्रश्नातून १९२६ साली पंप आला. पंप फिरवावयाचा कशाने, या पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खडकीचे इंजिन. ज्या विहिरींवर बैल मोट ओढीत, त्यांच्यावर इंजिन धडधडू लागले. गिऱ्हाईक तेच, शेतकरी. त्याची एक अडचण सुटली की दुसरीकडे पाहावयाचे, हाच या वाढीचा क्रम होय.

आता घोड्याकडे वळू. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता. निरुपयोगी ठरलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. १८९९ साली प्लेगच्या काळात स्थापन झालेली ही सरकारी संस्था घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरील औषध तयार करीत असे. घोड्याला धनुर्वाताच्या निर्जीव केलेल्या विषाचे डोस हळूहळू वाढवीत टोचले की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते रक्तद्रवातून वेगळे काढून शुद्ध करावयाचे. सायरस पूनावाला यांच्या मनात साधा प्रश्न आला : घोडे आपले, जागा आपली, मग औषधही आपणच का करू नये? त्यातून सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रतिविषापाठोपाठ लसी आल्या. २०१० साली आफ्रिकेत मेंदुज्वरावरील स्वस्त लस येथूनच गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये देशात करोना लसीकरण सुरू झाले, तेव्हा बहुसंख्य दंडांवर टोचली गेली ती कोव्हिशील्ड याच संस्थेत तयार झाली होती.

पूनावालांपाशी साधनसंपत्ती होती, हे खरे. लक्ष्मणरावांपाशी ती नव्हती. पण दोन्ही कथांत एक समान सूत्र आहे. कल्पना साधी होती, गरज बहुसंख्य लोकांची होती, आणि मदतीस सार्वजनिक हात होता. एकास औंधच्या अधिपतींनी माळ दिला. दुसऱ्यास हाफकिनच्या कामाने दिशा दाखविली.

मित्रहो, तो सार्वजनिक हात आज आपला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ साली सुरू झाली. योजना आहेत, पण गावातील तरुण किंवा बचत गटातील भगिनी प्रथम येते ती आपल्या दारी. प्रत्येक कल्पना फळास येईल असे नाही, आणि सरकारी पैसा जपून वापरावयाचा असतो, हेही खरे. म्हणून अर्ज हाती येताच तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाला हवी आहे? पहिली वस्तू खपली नाही, तर दुसरी अधिक चांगली करण्याची याची तयारी आहे काय? याला नेमके काय कमी पडते : जागा, ज्ञान की पैसा? उत्तरे समाधानकारक असतील, तर “पुढील आठवड्यात या” असे सांगून त्याला परत पाठवू नका. त्याच्यासोबत जिल्हा केंद्रापर्यंत जा.

दोन वर्षे न खपलेला नांगर आपल्याही गावात कोणाच्या तरी अंगणात उभा असेल. त्याच्याकडे आपली दृष्टी जावी, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!