आपला शजरा आपणच लिहावा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मला घराण्याच्या इतिहासाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कंधारचा, औशाचा, उदगीरचा किल्ला उभा राहतो. किल्ल्यावर कोणाकोणाचे राज्य झाले ते विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितो. त्यालाच पणजोबांचे नाव विचारा, तो खाली पाहतो. पणजीचे नाव विचारा, म्हणजे त्याचे वडीलही खाली पाहतात.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांत वंशावळ सांभाळण्याची सोय जुनी आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या उतरलेल्या असतात. भाट आणि हेळवी दारी येऊन पूर्वजांची नावे वाचून दाखवीत. आपल्यात शजरा जपला गेला तो मुख्यतः सय्यद घराण्यांत आणि दर्ग्याच्या सज्जादानशीन-मुजावरांच्या घरांत, कारण इनामाचा वारसा त्यावर ठरत असे. बाकीच्यांचा शजरा आजीच्या तोंडी राहिला आणि आजीबरोबरच कब्रस्तानात गेला.

आपण आलो कोठून? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. महंमद तुघलकाने 1327 साली दौलताबादला राजधानी केली, तेव्हा दिल्लीची कुटुंबे दख्खनमध्ये आली. बहमनी काळात इराणकडून विद्वान, व्यापारी व सरदार आले. बिदरला 1472 साली मदरसा उभारणारा महमूद गवान हा गीलानचा. हबशाहून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद. निजामाच्या काळात रोहिले आणि अरब फौजेत आले. आपल्याकडे ज्यांना चाऊस म्हणतात, त्यांचे मूळ बहुतेक हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनमधले. ‘चाऊस’ हा मुळात तुर्की लष्करी हुद्दा आहे. हैद्राबादच्या ‘बार्कस’ या वस्तीचे नाव ‘बराक्स’वरून पडले. त्याच फौजेतील उमर बिन अवद अल-कुऐती या जमादाराच्या मुलांनी इकडच्या कमाईवर तिकडे हद्रमौतात राज्य उभे केले. दख्खन आणि अरबस्तान यांचे नाते असे दोन्ही बाजूंनी होते.

पण मंडळी, याचा अर्थ आपण सारे घोड्यावर बसून किंवा जहाजातून आलो असा नव्हे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन ही आडनावे नीट ऐका. भाजी-फळे, पान, अत्तर, कापूस, माग या धंद्यांची ती नावे आहेत. देशमुख आणि पाटील ही नावे आपल्यातही आहेत, ती या मातीतल्या वतनाची आहेत. आणि जे खरोखर बाहेरून आले, ते बहुधा एकटे आले. त्यांनी इथल्या मुलींशी निकाह केले. अरबांत अशा घरात जन्मलेल्यास ‘मुवल्लद’ म्हणत. दहा पिढ्या मागे गेलो तर हिशेबाने पूर्वजांची 1024 स्थाने होतात. आपल्यात चुलत-मावस नात्यांत लग्ने होतात, म्हणून प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी भरतील. तरीही शजऱ्यात एका बापाची एकच ओळ लिहिलेली असते. त्या ओळीच्या टोकाला अरबस्तान असेलही; बाकीच्या शेकडो ओळींच्या टोकाला मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा असते. त्या आजी-पणजींना शजऱ्यात जागा नाही, म्हणून त्या आपल्या पूर्वज नाहीत असे कसे म्हणावे?

येथे मला इब्न खल्दून या थोर इतिहासकाराची आठवण होते. त्यांचा जन्म 1332 साली ट्युनिसमध्ये झाला. त्यांचे घराणेही मूळ हद्रमौतचे. तेथून ते स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल शहर 1248 साली पडण्यापूर्वी आफ्रिकेत उतरले. आत्मचरित्रात त्यांनी आपला शजरा दिला. मूळ पुरुष खल्दूनपर्यंत त्यांना दहाच नावे ठाऊक होती. दुसरा असता तर तेवढ्यावर थांबला असता. त्यांनी मात्र हिशेब घातला: शंभर वर्षांत तीन पिढ्या, सातशे वर्षांत सुमारे वीस; तेव्हा निदान तितकीच नावे मधून गळाली असावीत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. गळालेल्या जागी त्यांनी पदरची नावे भरली नाहीत.

दौलताबादच्या त्या स्थलांतरालाही आता सातशे वर्षे होत आली. आपला पूर्वज तुघलकाबरोबर आला असे जो सांगतो आणि शजऱ्यात आठच नावे दाखवितो, त्याने हा हिशेब आपल्याच कागदाला लावून पाहावा. थोर घराण्याचे नाव उसने घेणे म्हणजे ज्या पणजोबांनी कापूस पिंजून घर चालविले त्यांना नाकारणे होय.

कोणी विचारील, या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग रोजचा आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवहीत आजोबांच्या नावापुढे मोमीन, पिंजारी किंवा छप्परबंद अशी नोंद असेल तर नातवाचे काम सोपे होते. तेथे नुसते ‘मुसलमान’ लिहिले असेल तर हुशार मूल दाखल्यासाठी खेटे घालीत राहते आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. त्यातून आपली नावे! एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शे., तिसऱ्यावर शेखच गायब. जन्मतारखेचे तर विचारूच नका. जुन्या नोंदवह्या पाहिल्या तर निम्मा मराठवाडा 1 जूनला जन्मला असे वाटते! म्हणून एका कागदावर विसंबू नये, दोन-तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

कागद गेले, हेही खरे. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत उस्मानाबाद आणि नांदेड या जिल्ह्यांनी पुष्कळ सोसले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. घरे गेली, त्यांबरोबर पेट्यांतले कागदही गेले. पुढे अरब आणि पठाण यांना परदेशी समजून परत पाठविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा इथे जन्मलेल्यांवरही ‘आम्ही इथलेच’ हे सिद्ध करण्याची पाळी आली. त्यानंतर 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात कित्येक घरे कागदपत्रांसह ढिगाऱ्याखाली गेली.

तरीही बरेच उरले आहे. महसूल दप्तरात 1954 च्या सुमाराचे खासरा पत्रक आहे. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना 14 मध्ये असते. काझींकडे निकाहचे सियाहनामे असतात, इनामदारांकडे मुन्तखब, कब्रस्तानात कतबे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तर तपासू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत साऱ्या मराठवाड्याला कळली. 1884 च्या सुमारास हैद्राबाद दरबाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, त्यामुळे त्याआधीच्या कागदांना फारसी लागते. आमच्या उर्दू वर्गातील मुलांनी शिकस्ता लिपीचा सराव केला तर स्वतःच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या घराचाही कागद ते वाचून देतील. यापेक्षा चांगला शेजारधर्म कोणता?

शोधणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली सनाची. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यात 590 मिळविले की तो ज्या इसवी सनात सुरू झाला ते वर्ष मिळते. 1357 फसली म्हणजे 1947-48. हिजरी वर्ष चांद्र आणि लहान असल्याने तेथे अशी साधी बेरीज चालत नाही. 1400 हिजरी नोव्हेंबर 1979 मध्ये सुरू झाले. दुसरी गोष्ट जिल्ह्याची. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. मुधोळ-भैंसा हा भाग नांदेड जिल्ह्यात होता, तो आज तेलंगणात आहे. लातूर जिल्हा 1982 चा. म्हणून आजच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कागद मिळाला नाही तर निराश होऊ नये. जुना जिल्हा कोणता ते पाहावे.

परंतु सर्वांत आधी घरातील वृद्धांकडे जावे. त्यांना सन विचारू नये, प्रसंग विचारावा. 1972 च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? पोलीस ॲक्शनच्या वेळी लग्न झाले होते का? त्यांचे उत्तर म्हणजे तारीखच. मग विचारावे, माहेर कोणते, आईचे नाव काय, वडील कोणता धंदा करीत, मय्यत कोठे दफन झाली.

विद्यार्थी मित्रांनो, या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही घालावी. चार पिढ्या लिहाव्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदावर मिळाले ते लिहावे. जेथे नाव कळले नाही तेथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढे कोणीतरी भरील. खोटे नाव मात्र पुढच्या साऱ्या शोधाची वाट बंद करते. आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. कागद कपाटात वाट पाहील, आजी वाट पाहू शकणार नाही.