चक्रवाढीची दुसरी बाजू

‘हे तरुणपणीच कळलं असतं तर!’ असं म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांच्या हळहळीतली एकच गोष्ट मी आज घेणार आहे: चक्रवाढ व्याज.

शाळेत त्याचं सूत्र आपण पाठ केलं, उदाहरणं सोडवली, गुण मिळवले. पण हे गणित स्वतःच्या आयुष्यावर मांडून पाहा, असं कोणी सांगितलं नाही. घरात तर व्याज म्हटलं की धास्तीच. ती उगीच नव्हती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. पुढे 1879 मध्ये कायदा झाला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा न्यायालयांना मिळाली. दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही! चक्रवाढ माणसाला कुठवर नेते, हे आपल्या पूर्वजांनी भोगून जाणलं होतं. त्यांची धास्ती आपण जपली. हेच व्याज आपल्या बाजूनेही चालतं, एवढं मात्र शिकायचं राहिलं.

हिशेब पाहा. वर्षाला 7.2 टक्क्यांनी रक्कम साधारण दहा वर्षांत दुप्पट होते. पंचविसाव्या वर्षी ठेवलेल्या 1 लाखाचे पासष्टीला 16 लाख होतात. तेच पंचेचाळिसाव्या वर्षी ठेवले, तर 4 लाख. मुद्दल तेच, दर तोच. महागाई यातला मोठा घास घेते, हे खरंच. पण उशिरा सुरुवात करणाऱ्यालाही ती सोडत नाही.

आता उलटी बाजू. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना 3 टक्क्यांनी वाढत राहिली, तर दोन वर्षांत दुप्पट होते. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरून निश्चिंत होणाऱ्या तरुणांची मला फार काळजी वाटते. कागद गुळगुळीत असला, तरी माझ्या मते ही सावकारीच आहे.

आणि पैशाचं हे ज्ञान बायकांपासून दूर ठेवणं हा अन्याय आहे, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा 1874 चा. त्याच्या आधाराने नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या नावे उतरवला, तर त्या रकमेवर त्याच्या धनकोंना सहसा हात टाकता येत नाही. शंभराहून अधिक वर्षं हे संरक्षण बहुतेकांना उपलब्ध आहे. किती घरांत ते माहीत आहे?

मग चक्रवाढ आपल्या बाजूने वळवायला सुरुवात कुठून करायची? पीपीएफची, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, योजना 1968 पासून चालू आहे. मुदत 15 वर्षं, आणि वर्षाला 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. तुमच्या मुलीला, मुलाला पहिला पगार मिळेल, त्याच महिन्यात त्यांना पोस्टात किंवा बँकेत घेऊन जा आणि हे खातं उघडून द्या.