मायणीच्या वहीतली दुरुस्ती



आपली सहल खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर गेली होती, आठवतंय? डबे आपण गाडीतच संपवले होते. सरांनी प्रत्येकाला पक्ष्यांची वही करायला लावली. "चोच आणि पाय बघा, कूळ सापडेल," हे त्यांचं सूत्र. मी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांवरून बगळे-करकोच्यांच्या रांगेत बसवला आणि बुड्या मारणारी टिबुकली बदकांशेजारी. सरांनी लाल शाईत 'उत्तम' लिहिलं. ती वही आज सांगलीहून मुद्दाम आणली आहे, कारण दोन्ही नोंदी चुकीच्या निघाल्या.

२००१ साली जनुकांच्या तुलनेतून पुढे आलं, की रोहितचे सर्वांत जवळचे नातेवाईक बगळे नाहीत, करकोचेही नाहीत. ते आहे पाणडुब्यांचं कूळ, म्हणजे आपल्या टिबुकलीचं! एक माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, गुलाबी. दुसरी ओंजळीत मावेल एवढी, भुरकट. अभ्यासकांनाही आधी हे पचेना. मग शरीररचना नव्याने तपासली, तेव्हा खुणा सापडत गेल्या. दोघांच्या अंड्यांवर चुन्यासारखा थर असतो, हीसुद्धा त्यातलीच एक. कुळं दोन वेगळीच राहिली, पण फांदी एक. त्या दिवशी मायणीला दोघं एकाच पाण्यात होती. वहीत लांब टाकलं ते मी.

ससाण्याचंही तेच. घारीसारखी आकडी चोच, तशाच नख्या, म्हणून आपण दोघांना एका चौकटीत लिहिलं. २००८ साली १६९ जातींच्या जनुकांवरून दिसलं, की ससाणा पोपट-चिमण्यांच्या जवळचा आहे. पाय आणि चोच पक्ष्याचा धंदा सांगतात. घराणं सांगतीलच असं नाही.

जून २०२५ मध्ये निरनिराळ्या जागतिक याद्या जुळवून 'अ‍ॅव्हीलिस्ट' ही एक यादी निघाली : ११,१३१ जाती, २५२ कुळं. तीही दरवर्षी सुधारायची आहे.

सकाळी चहाच्या वेळी भीत भीत हे सगळं सरांना सांगितलं. गुरूची लाल शाई खोडायची म्हणजे पोटात गोळा येतोच, वय कितीही होवो. सरांनी वही मागून घेतली, चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. म्हणाले, "अक्षर तेवढं नीट काढ."